भोके माशीची, बोट सुरीकडे



एप्रिल जवळ आला की मोबाइलवर एक मजकूर हटकून फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दा तोच असतो. बाबासाहेबांनी महारांना मेलेली ढोरे ओढणे सोडायला लावले, त्यामुळे कातडे, हाडे, शिंगे यांचा हातातला धंदा गेला, तो दुसऱ्यांनी उचलला आणि ते गब्बर झाले, आपण मात्र नोकरीच्या रांगेत उभे राहिलो. यंदा हा मजकूर आमच्या अभ्यासगटात आला तो आपल्याच एका इंजिनिअर मुलाकडून. खाली त्याने विचारले होते, "यात चूक काय आहे?"

प्रश्न प्रामाणिक होता. "मनुवाद्यांचा अपप्रचार" असे दोन शब्द फेकून मोकळे व्हायचे आम्हाला पटले नाही. हिशेबाची भाषा वापरली आहे ना, मग हिशेबच तपासू, असे ठरवले. आणि हिशेब तपासता तपासता आम्ही पोहोचलो एका माशीपाशी. हसू नका. या लेखात माशी बरीच येणार आहे.

आधी एवढे लक्षात घ्या की हा आक्षेप मोबाइलबरोबर जन्मलेला नाही. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतः त्याची आठवण सांगितली आहे. मेलेली ढोरे ओढू नका ही चळवळ चालू होती तेव्हा 'केसरी'त पत्रे येत. एका गावात वर्षाला पन्नास ढोरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, खुरे, हाडे, मांस मिळून पाचशे रुपये होतात, आंबेडकर या गरिबांना त्या उत्पन्नाला मुकवत आहेत, असा त्या पत्रांचा सूर असे. पुढे संगमनेरला एका बातमीदाराने बाबासाहेबांना चिठ्ठी पाठवून हेच विचारले. बाबासाहेबांनी भर सभेत उत्तर दिले. एवढा नफा आहे ना, मग तुम्ही आणि तुमचे नातेवाईक मिळून ही ढोरे ओढा, ते पाचशे तर तुम्हाला मिळतीलच, वर आणखी पाचशे मी माझ्या पदरचे देतो. त्यानंतर कुणी पुढे आल्याचे कुठे नोंदलेले नाही.

बाबासाहेब नफ्यातोट्याच्या हिशेबात शिरले नाहीत आणि ते योग्यच होते. माणुसकी विकून पाचशे मिळोत की पाच हजार, तो सौदा नाकारायचाच होता. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत मृतमांस सोडा, हलकी कामे सोडा हे त्यांनी सांगितले त्यामागे हीच भूमिका होती. त्यात बाजारभावाचा प्रश्नच नव्हता. पण तेव्हा ज्या हिशेबाकडे पाहण्याचीही गरज नव्हती, तो आज आपल्याच मुलांना पटू लागला असेल, तर तो उलगडून दाखवणे आमचे काम आहे.

पन्नास ढोरे, पाचशे रुपये. म्हणजे जनावरामागे सरासरी दहा रुपये. हा आकडा काढणाऱ्याने काय धरले होते? पन्नासच्या पन्नास कातडी धड आहेत, कुठे छिद्र नाही, डाग नाही, कूज नाही. गावात म्हातारपणाने, रोगाने, उपासमारीने मेलेल्या जनावराचे कातडे ज्याने कधी हातात धरले आहे तो असला हिशेब मांडणार नाही. हा हिशेब मांडणाऱ्या हातांना कातड्याचा स्पर्श झालेला नव्हता, हे त्या आकड्यावरूनच कळते.

आम्ही कोल्हापूरकडच्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. ढोर समाजातले, हयात कातडी कमावण्यात गेलेली. सगळे त्यांना तात्या म्हणतात. आम्ही विचारले, "तात्या, कातडे खराब कशाने होते?" आमची अपेक्षा होती की ते सोलणाऱ्याच्या सुरीबद्दल बोलतील, कारण पुस्तकात आम्ही तेच वाचून गेलो होतो. तात्या म्हणाले, "आधी सांगा पोरांनो, भोक कुठल्या बाजूनं आहे? मांसाच्या बाजूनं असंल तर सुरी. केसांच्या बाजूनं असंल तर सुरीचा काय संबंध? ते जनावर जित्तं असतानाच झालंय."

तात्यांच्या या चार वाक्यांत आमचा सगळा लेख आला. सोलणारा माणूस कातडे आतून सोडवतो, म्हणून त्याच्या सुरीचा वार मांसाच्या बाजूला पडतो. माशी बाहेरून चावते, म्हणून तिची खूण केसांच्या बाजूला पडते. कातडे दोन्ही बाजूंनी वाचता येते. नुकसान कुणाच्या ताब्यात असताना झाले हे त्या कातड्यावरच लिहिलेले असते. चर्मशास्त्राची पुस्तकेही दोषांची हीच विभागणी करतात, जिवंतपणीचे दोष वेगळे आणि मरणानंतरचे वेगळे.

आता माशीकडे वळू. खेड्यात आपण सरसकट "गोमाशी" म्हणतो, पण गुराला छळणाऱ्या माश्या अनेक प्रकारच्या आहेत आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. गोठ्यात घरमाशीसारखीच दिसणारी एक माशी असते. नीट पाहिले तर तिच्या तोंडातून सुईसारखी टोकदार सोंड पुढे आलेली दिसते. घरमाशी नुसते चाटते, ही टोचते. तिचे नर आणि मादी दोघेही रक्त पितात आणि बहुधा पायांवर चावतात. गोठ्यातली जनावरे सारखी पाय आपटताना दिसतात ती हिच्यामुळे. ही अंडी घालते सडक्या वैरणीत, शेण आणि मुताने भिजलेल्या गवतात. म्हणजे गोठा दोन-तीन आठवडे झाडला नाही की हिची पुढची पिढी तयार.

दुसरी तिच्याहून लहान, जवळजवळ निम्म्या आकाराची. ही जनावराच्या अंगावर मुक्कामच करते. पाठ, खांदे, पोट इथे रात्रंदिवस बसून असते आणि ताज्या शेणात अंडी घालण्यापुरती काय ती खाली उतरते. दिवसातून वीस-वीस वेळा रक्त पिते आणि एका जनावरावर अशा शेकडो असू शकतात. हिशेबाची आवड असणाऱ्यांनी हा गुणाकार जरूर करून पाहावा. एका बैलाच्या पाठीवर एका पावसाळ्यात किती टोचे पडतात ते कळेल. तिसरी मोठी, ठळक डोळ्यांची. हिची मादीच रक्त पिते, पण तोंडाची पाती अशी की ती टोचत नाही, चक्क कापते. तिच्या जखमेतून रक्त ओघळते आणि त्या रक्तावर बाकीच्या माश्या जमतात. उघड्या जखमेत अंडी घालणारी आणखी वेगळी असते. जखमेत किडे पडले असे आपण म्हणतो ते तिचे काम.

आणि एक अशी आहे की जी चावतही नाही, तरी कातड्याचा सर्वात जास्त सत्यानाश करते. इंग्रजीत तिला वॉर्बल फ्लाय म्हणतात. आपल्याकडे ती मुख्यत्वे पंजाब, राजस्थान अशा वायव्येकडच्या कोरड्या भागात आढळते. ती पायांच्या केसांवर अंडी चिकटवून निघून जाते. अळी कातडीतून आत शिरते, काही महिने शरीरातून प्रवास करत पाठीपर्यंत पोहोचते आणि श्वास घेण्यासाठी पाठीच्या कातड्याला आतून भोक पाडते. तिथेच फुगत राहते, मोठी झाली की भोकातून बाहेर पडते आणि मातीत जाऊन कोष करते. एका जनावराच्या पाठीवर अशी अनेक भोके पडतात. पाठीचे कातडे सर्वात जाड, सर्वात सारखे आणि म्हणून सर्वात किमतीचे असते. नेमक्या त्याच जागेची चाळण होते.

चाव्याने कातड्याचे काय होते? माशीने टोचलेल्या जागी सूज येते, खाज सुटते. जनावर ती जागा चाटते, खुंट्याला घासते. केस जातात, खपली धरते, कधी पू होतो. पुढे ते भरून येते, पण भरून आलेली जागा मूळच्यासारखी नसते. तिथे केसांची छिद्रे नसतात, तंतूंची वीण बदललेली असते. कमावताना आणि रंगवताना ती जागा वेगळी उठून दिसते. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात अशा माश्यांनी ग्रासलेल्या गुरांची कातडी तपासून या चाव्यांचा आणि कातड्याच्या नुकसानीचा संबंध दाखवून दिला. असे कातडे बुटाच्या वरच्या भागाला चालत नाही. मग ते घासून, रंगाचा जाड थर देऊन कमी भावात खपवायचे, किंवा तळव्याला आणि अस्तराला वापरायचे. आपल्या कोल्हापुरी चपलेवर तर असा रंगाचा थर नसतोच. कातडे आहे तसे दिसते, त्यामुळे डाग लपवायला जागाच नाही.

पण मित्रांनो, यातली खरी मेख पुढे आहे. बारीक चाव्यांच्या या खुणा कच्च्या कातड्यावर दिसत नाहीत. त्या केसांखाली झाकलेल्या असतात. कातडे चुन्याच्या हौदात पडून केस उतरले की मग त्या वर येतात. म्हणजे केव्हा? व्यवहार पूर्ण झाल्यानंतर. कातडे विकत घेणाऱ्या ढोर कारागिराने पैसे मोजलेले असतात, चुना घातलेला असतो, पुढे बाभळीची साल आणि हिरड्याचा खर्च ठरलेला असतो, आणि तेव्हा त्याला कळते की हातात काय आले आहे. तात्या हसून म्हणाले, "कच्चं कातडं म्हंजी झाकली मूठ. उघडती ती आमच्या घरात."

ज्याच्या गोठ्यात माशी वाढली त्याला या खुणेचा एक पैशाचा भुर्दंड नाही. त्याने जनावराकडून नांगर ओढून घेतला, गाडी ओढून घेतली, दूध काढून घेतले. जनावर मेले की त्याचा संबंध संपला. मग ते ओढणाऱ्या महाराने, सोलणाऱ्याने, कमावणाऱ्या ढोराने, शिवणाऱ्या चांभाराने एकामागून एक त्या खराब कातड्याची किंमत आपल्या मजुरीतून चुकवायची. वरचा व्यापारी तर आधीच शहाणा झालेला असतो. दहातली काही खराब निघणारच म्हणून तो दहांचाच भाव पाडतो. गोठ्यातले नुकसान असे पायरी पायरीने खाली घरंगळत जाते आणि ज्याच्याखाली कुणी नाही त्याच्या अंगावर पडते. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जी सांगितली ती धर्मग्रंथात जशी आहे तशी बाजारातही आहे, हे आम्हाला चुन्याच्या हौदाशेजारी उभे राहून नीट कळले.

हा सगळा शेतकऱ्याला शिव्या घालण्याचा उद्योग नाही. गरीब कुणबी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करत होता, अजूनही करतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळतो, त्यात माया असते. पण परोणीची आर, डागण्या, जू घासून झालेल्या जखमा, गोचीड आणि माश्या हे सगळे मिळून जिवंत जनावराच्या कातड्याचे जे होते, त्याचा हिशेब गावाच्या व्यवस्थेत कुठेच मांडला जात नव्हता. मांडला गेला तो फक्त सुरीचा.

कातड्याच्या व्यापारात दोन शब्द जुने आहेत, हलाली आणि मुर्दार. कापलेल्या जनावराचे ते हलाली, मेलेल्याचे ते मुर्दार. मुर्दार कातड्याला भाव कमी. कारणे उघड आहेत. कापले जाणारे जनावर सहसा तरणे, मांस धरलेले असते आणि कातडे लगेच निघते. मेलेले जनावर म्हातारे, रोगट, आणि जितकी वर्षे जगले तितक्या पावसाळ्यांच्या माश्या अंगावर झेललेले. मेल्यावर निरोप उशिरा येणार, मग ते गावाबाहेर ओढत न्यायचे. ओढताना एक कूस दगडमातीवर घासून निघते. तोवर ऊन लागून कूज सुरू झालेली असते. गाडी देऊन जनावर उचलून न्यायची सोय गावाने केली नाही. गावाच्या दृष्टीने तो विटाळ होता आणि विटाळ लवकरात लवकर शिवेबाहेर गेला की काम संपले. म्हणजे ओढण्यातून होणारे नुकसानही जातीच्या नियमाने ठरवलेले.

इंग्रजी अमलात कातड्याची निर्यात मोठी होती. मद्रासकडचे अर्धे कमावलेले कातडे लंडनच्या बाजारात जाई आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या बुटांसाठी ते सरकारने ताब्यात घेतले होते. १९१९ मध्ये कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर पंधरा टक्के कर बसला, साम्राज्यातल्या खरेदीदारांना त्यात सूट होती. १९३० च्या सुमारास कातड्यावरच्या उपकराची चौकशी करायला खास समितीही नेमली गेली. एवढा पैसा गुंतलेला म्हटल्यावर कातडे खराब का होते ही चर्चा होणारच. त्या काळापासून आजपर्यंत या विषयावर जे लिहिले गेले, त्यात एक सूर पुन्हा पुन्हा ऐकू येतो. भारतीय कातड्यात सुरीचे वार फार, सोलणारा अडाणी, त्याला शिकवले पाहिजे, त्याला चांगली सुरी दिली पाहिजे.

सुरीचे वार खोटे नव्हते. तेही मान्य करू. टोकदार, मिळेल त्या सुरीने, भर उन्हात, मजुरीशिवाय, दुर्गंधीत घाईने काम करणाऱ्याच्या हातून वार होणारच. पण आमचा प्रश्न असा की जिवंतपणीचे दोष ठाऊक असताना उपदेशाचा सगळा रोख मरणानंतरच्या दोषांवर का राहिला?

तुलनेसाठी इंग्लंड पाहा. तिथे वॉर्बल माशीने कातड्याचे होणारे नुकसान एलिनॉर ऑर्मरॉड या कीटकशास्त्रज्ञ बाईंनी १८८० च्या दशकात लोकांसमोर मांडले. पत्रके काढली, शेतकऱ्यांना समजावले. पुढे १९३६ मध्ये सरकारी हुकूम निघाला. ज्याच्या जनावराच्या पाठीवर अळीच्या गाठी दिसतील त्या मालकाने ठरलेल्या महिन्यांत औषधाने पाठ धुतलीच पाहिजे. कायद्याने जबाबदारी टाकली ती मालकावर. पुढच्या काही दशकांत ती माशी तिथून जवळपास हद्दपार झाली. आपल्याकडेही १९३० च्या दशकात या माशीवर संशोधन झाले, अभ्यासकांनी तिचे जीवनचक्र तपासले, हे खरे आहे. पण गावात पोहोचला तो उपदेश सोलणाऱ्यासाठी. एकच साम्राज्य, एकच माशी, एकच भोक. तिथे बोट मालकाकडे आणि इथे बोट सुरीकडे.

आमच्या मते याचे कारण साधे आहे. मालक सवर्ण किंवा गावचा वजनदार माणूस. त्याला गोठा झाड, शेण लांब टाक, जनावर धू, असे सांगायची हिंमत कोण करणार? सोलणाऱ्याला मात्र कुणीही काहीही सांगू शकत होते. त्याला अडाणी म्हणणे सोपे होते, कारण त्याला तसे म्हणायची सवय समाजाला हजार वर्षांची होती.

गांधीवादी मंडळींनीही याच वाटेने पाऊल टाकले, जरा मऊ पावलांनी. वर्ध्याजवळ नालवाडीला १९३० च्या दशकात चर्मालय चालले. मेलेल्या जनावराचा कणही वाया जाऊ नये, कातडे शास्त्रीय पद्धतीने निघावे, असा त्यांचा प्रयत्न होता. सतीशचंद्र दासगुप्तांनी त्यावर ग्रंथ लिहिले. त्यातल्या काही सवर्ण कार्यकर्त्यांनी स्वतः कातडी सोलली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. तंत्र म्हणून ते काम वाईट नव्हते. पण त्याने सुरी सुधारली, सुरी कुणाच्या हातात द्यायची हा प्रश्न गावात होता तिथेच राहिला. काम पवित्र आहे असे सांगितल्याने महाराच्या पोराच्या अंगाला येणारा वास गेला नाही आणि शाळेत त्याला वेगळे बसवणेही थांबले नाही.

आता पुन्हा त्या पाचशे रुपयांकडे येऊ. पन्नास ढोरांतली काही रोगाने मेलेली, काही उशिरा सापडलेली, काही ओढताना घासलेली, आणि जवळपास सगळीच माशीने कमी-जास्त टोचलेली. शिवाय कातडे महाराचेच, असेही सगळीकडे नव्हते. गावागणिक रीत वेगळी. कुठे कातडे महाराचे, कुठे मालकच ते मागून घेई आणि महाराच्या वाट्याला मांस उरे. म्हणजे पत्रलेखकाचा आकडा वरून फुगवलेला आणि खालून पोकळ होता. एवढे असूनही त्याला "उत्पन्न" म्हणायचे, तर खर्चाच्या बाजूला काय लिहायचे? शिवाशिव? गावाबाहेरची वस्ती?

आणि "धंदा" या शब्दाबद्दल. धंद्यात नाही म्हणता येते. ढोर ओढणे महाराला नाही म्हणता येत नव्हते, कारण ती वतनातली चाकरी होती. १८७४ च्या वतन कायद्याने ती चाकरी पक्की बांधलेली होती. तिच्यातून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाचे बिल मांडले. प्रत्यक्षात ही वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. महाडनंतर ज्या ज्या गावांत महारांनी ढोर ओढायला नकार दिला, तिथे पाणी, वाट, वाण्याचे दुकान बंद करणारे बहिष्कार पडले. चालता धंदा कुणी सोडला तर शेजारी खूश होतात, त्याची जागा घेतात. इथे जागा घ्यायला एकही शेजारी आला नाही, उलट सोडणाऱ्यालाच परत जुंपायला सगळा गाव उठला. एवढ्या एका गोष्टीवरून तो धंदा होता की वेठ, हे त्या इंजिनिअर मुलाने ठरवावे.

ज्यांनी हे काम सोडले नाही, किंवा ज्यांना सोडता आले नाही, त्यांचे पुढे काय झाले तेही पाहू. १५ ऑक्टोबर २००२. तारीख पुन्हा वाचा, नागपूरच्या भाषणाचीच. हरियाणात झज्जर जिल्ह्यात दुलिना पोलीस चौकीजवळ पाच दलितांना जमावाने ठार मारले. गाय मारल्याचा संशय होता, आणि ते कातड्याच्या कामातले लोक होते. ११ जुलै २०१६. गुजरातेत उनाजवळ मोटा समढियाळा गावात मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना पकडून, गाडीला बांधून, उना गावात भर रस्त्यावर फटके मारले गेले. चित्रफीत मारणाऱ्यांनीच फिरवली. त्यानंतर गुजरातच्या दलितांनी जे केले ते महाडच्या वारशाला शोभणारे होते. सुरेंद्रनगरला मेलेली जनावरे जिल्हाधिकारी कार्यालयापुढे आणून टाकली. गाईची शेपटी तुम्ही ठेवा, आम्हाला आमची जमीन द्या, ही घोषणा त्याच लढ्यातली. संगमनेरच्या सभेत बाबासाहेबांनी जे उत्तर दिले होते, तेच अनेक दशकांनी घोषणेच्या रूपात परत आले.

महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू कापायला बंदी आहे, गाईला ती १९७६ च्या कायद्याने आधीपासून होती. त्यामुळे आता इथे बैलाचे कातडे कायदेशीर मार्गाने मिळणार ते मेलेल्या बैलाचेच, म्हणजे मुर्दारच. बैल म्हातारा होईपर्यंत जगणार, निकामी झाला की बरेचदा वाऱ्यावर सोडला जाणार आणि प्रत्येक पावसाळ्यात त्याच्या पाठीवर माश्यांची नवी नोंद होणार. चांगल्या बैलाच्या कातड्यासाठी कारागीर परराज्याकडे पाहतो. ते आणताना वाटेत कोण अडवील याचा भरवसा नाही. कायदा करणाऱ्यांनी गोमातेचा विचार केला असेल, तिच्या कातड्यावर ज्याची चूल पेटते त्याचा केला नाही.

शेवटी लम्पीबद्दल, कारण माशीचा हा इतिहास जुना झालेला नाही. २०१९ मध्ये ओडिशात हा रोग आढळला आणि २०२२ मध्ये त्याने राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र हादरवले. आपल्याकडे त्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून बातम्या सुरू झाल्या. विषाणूचा रोग, आणि तो पसरवण्यात चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांचा मोठा हात. अंगभर गाठी येतात, त्या कातडीच्या पूर्ण जाडीत उतरतात. गाठीतला भाग मरतो आणि बुचासारखा निघून पडतो. मागे खड्डा राहतो. जनावर जगले तरी कातडे गेले. पोळा त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी घरच्या घरी झाला, बाजार बंद झाले.

सरकारने मालकांना मदत जाहीर केली. दुधाळ जनावराला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार. द्यायलाच हवी होती, शेतकऱ्याचा संसार त्या जनावरावर असतो. गोठ्यात फवारणी करा, माश्या मारा, असेही पहिल्यांदा जोरात सांगितले गेले. माशी मालकाच्या गोठ्यात वाढते हे म्हणजे सरकारला ठाऊक होते, फक्त त्यासाठी मालकाचे नुकसान व्हावे लागले. मेलेली जनावरे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची होती. मदतीच्या त्या यादीत जनावरांचे रकाने होते. कातड्यावर जगणाऱ्याचा रकाना नव्हता, आणि खड्डा खणून ते जनावर आत ढकलणाऱ्याचाही नव्हता.

आमच्या ओळखीच्या दोन तालुक्यांत आम्ही विचारून पाहिले, त्या दिवसांत खड्ड्यापर्यंत जनावर कुणी नेले? दोन्ही ठिकाणी उत्तर आले ते आपल्याच वस्तीतल्या नावांचे. एके ठिकाणी जेसीबी होता, तरी जनावराला दोर बांधायला खाली माणूस लागलाच. हातमोजे दिले होते का, असे विचारल्यावर तो मुलगा म्हणाला, "दादा, पहिल्या दिवशी फोटो काढताना दिले होते."

हे सगळे लिहून आम्ही अभ्यासगटात टाकले. त्या इंजिनिअर मुलाचा निरोप आला, पुढच्या रविवारी तात्यांकडे जाताना त्यालाही यायचे आहे. चुन्याच्या हौदातून निघालेले कातडे त्याने अजून पाहिलेले नाही.